दीनानाथच्या दारातलं डांबर

नाही, पण मला सांगा, डांबर ही काय विचार करायची वस्तू आहे का हो? डांबर रस्त्यावर असतं, त्याच्यावरून आपण चालतो, गाड्या जातात, विषय संपला! पण आमच्या दीनानाथने दारातल्या एवढ्याशा डांबराचा जेवढा विचार केला ना, तुम्हाला सांगतो, तेवढा त्याने लग्न ठरवताना केला नव्हता, भारताचा पासपोर्ट परत करून सिंगापूरचा घेताना केला नव्हता, आणि मुलीचं नाव ठेवताना तर अजिबातच केला नव्हता, ते आत्याबाईंनी परस्पर ठेवून टाकलं. फेब्रुवारीत जे सुरू झालं ते थेट गौरी येईपर्यंत... भेटला की तेच, फोन केला की तेच, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारी उभा राहिला की कानाशी लागून तेच. कोट मारायचा की नाही, आणि मारायचा तर केव्हा?

कसला कोट म्हणून काय विचारता? तोच तर सगळा घोळ आहे! त्यासाठी आधी त्याचं दार समजून घ्या. सिंगापूरमध्ये माणसाला दार असतं, पण दारापुढे काही नसतं. दारापुढे कॉरिडॉर, आणि तो सरकारचा. दीनानाथ आणि त्याची बायको संजीवनी वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये पंधरा वर्षं राहिले, बाराव्या मजल्यावर, आणि मग दोन हजार सात साली त्याने बुकित पंजांगच्या बाजूला एक जुनं दुमजली घर घेतलं, एका भिंतीला शेजारी चिकटलेला, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. पुढे फाटक, फाटकापासून दारापर्यंत गाडी यायची वाट. इथल्या लोकांच्या वाटेवर फरशी असते. ह्याच्या वाटेवर डांबर! कारण आधीचा मालक लॉऱ्यांच्या धंद्यातला, समोरचा रस्ता होताना उरलेलं डांबर त्याने अंगणात ओतून घेतलं होतं. कधीकाळी काळं असेल, आता करडं पडलेलं, भेगा गेलेल्या, कडेचे खडे सुटे होऊन बुटाला लागत होते. आणि अशा म्हाताऱ्या डांबरावर एक पातळ काळं लेपन मिळतं, त्याला म्हणतात सीलकोट. तो मारला की भेगांत पाणी शिरत नाही, डांबर टिकतं, आणि दिसतंही नव्यासारखं. एवढंच! मारायचा तर मार, नाहीतर गप्प बस. पण दीनानाथ बँकेत आहे, आणि बँकेत कुठे, तर रिस्कमध्ये. दुसऱ्याने कर्ज घेतलं तर काय काय वाईट होऊ शकेल ह्याचा पगार मिळतो त्याला. त्याच्या हातात हे डांबर आलं!

'हे बघ,' तो मला म्हणायचा, 'फार लवकर मारला तर सोलवटून निघतो. फार उशिरा मारला तर उपयोग नाही, मग सगळं उकरून नवीनच घालावं लागतं. आता हे डांबर लवकरमध्ये आहे की उशिरामध्ये आहे?'

मला काय माहीत? मी फ्लॅटमध्ये राहतो. माझ्या दारात पायपुसणं आहे.

मग आला निशिकांत. आमच्या ह्या मित्राचा भाऊ न्यू जर्सीत राहतो, तिकडे दारोदारी डांबराच्या वाटा असतात, एवढ्या भांडवलावर निशिकांतला डांबरातलं सगळं कळतं. तो एका रविवारी पाण्याचा ग्लास घेऊन वाटेवर उकिडवा बसला. म्हणाला, 'साधी टेस्ट आहे. पाणी ओतायचं. वर राहिलं तर थांबायचं, आत मुरलं तर मारायचा.' ओतलं पाणी. आम्ही तिघं मोठी माणसं, शिकलेली बरं का, त्या पाण्याकडे टक लावून उभे. अर्धं पाणी वर राहिलं आणि अर्धं मुरलं! निशिकांत उठला, गुडघे झटकले, म्हणाला, 'फिफ्टी-फिफ्टी. पण मारणार असशील तर ऑक्टोबरच्या आत मार. बर्फ पडायच्या आधी.' अरे, कुठला बर्फ? सिंगापूरमध्ये बर्फ फक्त आइस कचांगच्या, म्हणजे इथल्या बर्फाच्या गोळ्याच्या, वाटीत असतो! पण दीनानाथने तेसुद्धा मनावर घेतलं.

अनुया, त्याची मुलगी, शाळेच्या गणवेशात आतबाहेर करत होती. ती म्हणाली, 'पापा, जस्ट टाइल इट लाह! एव्हरीबडी टाइल वन!' तिला कुणी विचारलं नव्हतं. पण मला विचाराल तर त्या दिवशी तेवढं एकच वाक्य शहाणपणाचं होतं.

पुढे ठेकेदार आला, मिस्टर ओंग. गाड्यांच्या पार्किंगची कामं करायचा. माणूस उत्तम, पण त्याला एकच शब्द येत होता. दीनानाथने विचारलं, भेगा बुजवून कोट मारता येईल? 'कॅन!' सगळं उकरून नवीन करावं का? 'ऑल्सो कॅन!' आणि आत्ता काहीच केलं नाही, वर्षभर तसंच ठेवलं तर? 'ऑल्सो कॅन, लाह!' आता बोला! ह्याला निर्णय घ्यायला माणूस हवा होता आणि माणूस मिळाला तो असा. फेब्रुवारीचा महिना कोरडा असतो इथे, अगदी कोटासाठीच केल्यासारखा, तो गेला विचारात. एप्रिल आला तर रोज दुपारी चारला वीज, गडगडाट आणि धो धो पाऊस. जूनमध्ये दीनानाथ म्हणाला फार ऊन आहे, फुगे येतील. जुलैत मिस्टर ओंग मलेशियात. आणि प्रश्न तिथल्या तिथेच. कोट मारायचा की नाही, आणि मारायचा तर केव्हा?

तुम्ही म्हणाल, माणूस विक्षिप्त आहे, सोडून द्या. मीही तसंच म्हणत होतो. पण एक दिवस संजीवनीवहिनींनी चहा देता देता सांगितलं, आणि मग मला त्या डांबराचं खरं दुखणं कळलं.

दीनानाथच्या आई मिरजेला असतात. त्यांच्याकडे गौरीचे पितळी मुखवटे आहेत, दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन पिढ्यांचे. गणपती त्यांच्या घराण्यात चुलत्यांकडे, ह्यांच्याकडे गौरी. आणि हे मुखवटे मोठ्या सुनेकडे जायचे, म्हणजे संजीवनीवहिनींकडे. म्हणून लग्नानंतर थोड्याच वर्षांत आई ते मुखवटे घेऊन सिंगापूरला आल्या होत्या. वुडलँड्सला! आता गौर कशी आणायची? बाहेरून आत, वाजतगाजत, तिची पावलं काढत. तर गौर आली लिफ्टने. लिफ्ट मध्येच आठव्या मजल्यावर थांबली, एक चिनी आजोबा सायकल घेऊन आत शिरले, आणि गौर, संजीवनीवहिनी, आई, ताट, निरांजन आणि सायकल असे सगळे बाराव्याला पोचले. कॉरिडॉरमध्ये वहिनींनी इतकी सुंदर पावलं काढली होती रांगोळीची... आरती होते न होते तोच सफाईवाली बाई आली आणि ओल्या मॉपने सगळी पुसून, वर 'सॉरी हाँ आंटी, व्हेरी डर्टी' म्हणून निघून गेली. तिचं कामच ते! तिसऱ्या दिवशी गौरी उठल्या तसे आईंनी मुखवटे फडक्यात गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, 'संजीवनी, तुझा काही दोष नाही गं. पण हिची पावलं इथे टिकत नाहीत.' आणि मुखवटे घेऊन मिरजेला परत!

तेव्हापासून वहिनी कागदी मुखवटा लावून गौर बसवतात. तो लावताना दर वर्षी त्यांना वाईट वाटतं, आणि दर वर्षी त्या हसून साजरं करतात. आणि सांगलीच्या धाकट्या जाऊबाई फोनवर हळूच विचारतात, 'मग मुखवट्यांचं आईंनी काय ठरवलंय हो?' आता कळलं? घर घेतल्यावर वहिनींनी पहिला फोन मिरजेला केला होता. 'आई, आता अंगण आहे.' पलीकडून आई म्हणाल्या, 'येते. बघते.' नुसतं येते म्हणाल्या असत्या तर दीनानाथ सुखाने झोपला असता. त्या 'बघते'पासून तो डांबराकडे बघायला लागला. करड्या, फुटक्या डांबरावर पांढरी रांगोळी दिसणार काय? त्याने चिमूटभर टाकून पाहिली होती, सगळी भेगेत गेली.

आई आल्या. चांगी विमानतळावर त्यांच्या पिशवीच्या एक्स-रे फोटोत दोन डोकी दिसली म्हणून तिथल्या पोरीने थांबवलं. 'आंटी, हेड्स?' आई ठामपणे म्हणाल्या, 'येस. टू सिस्टर्स.' सोडलं! दीनानाथ त्यांना गाडीतून घेऊन आला, फाटक उघडलं, आई उतरल्या. सगळी वाट बघितली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली वाकून एक सुटा खडा उचलला, बाजूला ठेवला. म्हणाल्या, 'अंगण आहे खरं. पण सारवलेलं नाही.'

झालं! इतके महिने जे निशिकांतला, मिस्टर ओंगला आणि अख्ख्या रिस्क डिपार्टमेंटला जमलं नाही ते त्या एका वाक्याने झालं. गौरी दोन दिवसांवर आलेल्या. दीनानाथने तिथल्या तिथे फोन लावला. 'मिस्टर ओंग, टुमॉरो मॉर्निंग, कॅन?'

'कॅन!'

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर ओंगची माणसं आली, भेगा बुजवल्या, झाडून काढलं आणि लांब दांड्याच्या रबरी फावड्याने तो काळा लेप ओढायला लागली. आई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. 'हे बरं आहे की रे,' म्हणाल्या, 'आम्ही शेणाने सारवायचो, तुम्ही डांबराने सारवता. दर सणाला सारवायचं असतं, त्यात एवढा फोनवर काय बोलत होतास महिनेच्या महिने?' जाताना मिस्टर ओंगने बोट वर करून बजावलं. 'टू डेज नो कार. टू डेज नो वॉटर. दिस वन वॉटर-बेस, ओके? नॉट ड्राय यट, वॉटर कम, ऑल कम आउट!'

नो वॉटर! हे दोन शब्द दीनानाथने असे काही मनावर घेतले की काय सांगू तुम्हाला. शेजारच्या मिसेस लिम ऑर्किडला पाइपने पाणी घालत होत्या, हा कुंपणापाशी जाऊन हात जोडून उभा. 'आंटी, प्लीज, नो वॉटर.' त्या म्हणाल्या, 'वाह, युवर फ्लोअर ड्रिंक मोर दॅन माय फ्लॉवर, आह?' गाडी धुणं बंद. घरच्यांनी मागच्या गल्लीतून, स्वयंपाकघराच्या दाराने यायचं. आणि गौरी यायच्या दिवशी पहाटे सुमात्राकडून ते वादळ येतं ना, ते आलं! दीनानाथचा मला फोन, 'ये.' मी गेलो, निशिकांत आला. जुन्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायचे बांबू होते त्याच्याकडे, ते उभे धरून त्यावर ताडपत्री, आणि आम्ही तिघं खांबासारखे तीन कोपऱ्यांना. चौथ्या कोपऱ्याला कोण? आई! पदर खोचून, बांबू धरून! पाऊस कोसळला, आमच्या अंगाखांद्यावरून वाहिला, पण डांबरावर? एक थेंब नाही! मागच्या उताराने सगळं पाणी गटारात. दीनानाथचा जीव भांड्यात पडला.

मग ऊन आलं. वाट अशी काळी कुळकुळीत दिसत होती की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. बोट लावलं तर बोटाला काही लागत नव्हतं, अगदी वाळल्यासारखी. दुपारी संजीवनीवहिनींनी रांगोळी घेतली आणि फाटकापासून दारापर्यंत पावलं काढली, पांढरी, एकेक पाऊल, त्यात कुंकवाचं बोट. काळ्यावर पांढरं... अहो, कधी पाहिलं नव्हतं असं. वहिनी उठल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. आई दारातून सगळं बघत होत्या. त्यांनी मुखवट्यांचं फडकं सोडलं.

बायका जमल्या, नऊवारीत, नथी घालून. दीनानाथ फाटकात रखवालदारासारखा उभा. 'चपला बाहेर! चपला बाहेर! वाटेवर ओरखडे नकोत!' फाटकाबाहेर गवतावर चपलांची ही रास! एक नजर चपलांवर, एक नजर आभाळावर, कारण पश्चिमेला एक ढग होता. आणि मग वहिनी फाटकात येऊन उभ्या राहिल्या, हातात सुपात दोन्ही मुखवटे, हिरवी साडी. आई म्हणाल्या, 'दीना, तांब्या आण.'

आता आपल्याकडे रीत काय? गौर घेऊन येणाऱ्या बाईच्या पायांवर दूधपाणी घालायचं. आणला त्याने तांब्या. भरलेला. आणि तुम्हाला सांगतो, ज्या माणसाने आदल्या दिवसापासून थेंबाथेंबाशी वैर धरलं, मिसेस लिमची ऑर्किडं सुकवली, आपल्या आईला बांबू धरायला लावला, त्याच माणसाने तो तांब्या वहिनींच्या पायांवर ओतला! स्वतःच्या हाताने! शेवटच्या थेंबापर्यंत! आणि ओततानासुद्धा बघत कुठे होता? आभाळाकडे! त्या ढगाकडे!

पायाखाली थारोळं झालं. वहिनी त्यात उभ्या, आई हळदकुंकू लावतायत, बायकांची गडबड, घंटा, ताट वाजतंय, कुणाचं लक्ष आहे खाली? निघाली मिरवणूक. वहिनी रांगोळीच्या पावलांवर बरोबर पाऊल टाकत दारात आल्या, उंबरा ओलांडला, आणि आत... आत पांढराशुभ्र इटालियन मार्बल. आणि गौर काय एका जागी नेऊन ठेवतात का? तिला घर दाखवायचं असतं! 'गौराई, हे काय? हे स्वयंपाकघर!' गेल्या स्वयंपाकघरात. 'गौराई, हे काय? हे कपाट!' गेल्या बेडरूममध्ये. 'हा जिना, ही वरची खोली, ही अनुयाची अभ्यासाची खोली!' आई पुढे होऊन दाखवतायत, कधी नव्हे तो आवाज चढलेला, सगळं घर त्या गौरीला अगदी कौतुकाने दाखवतायत. आणि बायका मागून विचारतायत, 'गौराई आली, कशाच्या पावलांनी आली?'

'सोन्याच्या पावलांनी आली!'

तेवढ्यात जिन्याखालून अनुया म्हणाली, 'पापा. लुक डाउन लाह.'

दीनानाथने खाली बघितलं. मीही बघितलं. दारापासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बेडरूम, बेडरूममधून जिना, पायरीपायरीवर, पांढऱ्या मार्बलवर काळी, ठसठशीत पावलं. पाची बोटं मोजून घ्यावीत! घंटा थांबली. ताट थांबलं. वहिनींनी आपले पाय बघितले आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथे उभं राहवेना. इतकी वर्षं वाट बघितली त्या बाईने, आणि आता गौर हातात असताना हे! कुणीतरी मागून, सवयीने, चुकून पुन्हा विचारलं, 'कशाच्या पावलांनी आली?'

आई पायऱ्या उतरून खाली आल्या. वाकल्या. एका पावलावर बोट फिरवलं. पुसलं जातं का बघितलं. पदराने घासलं. नाही गेलं. उठल्या, आणि म्हणाल्या, 'डांबराच्या पावलांनी आली. मग? आली ना?' मग वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. 'मी म्हणाले होते ना गं, हिची पावलं इथे टिकत नाहीत. आता टिकली. आणि बघ तरी, सगळी आतच आली आहेत, बाहेर जाणारं एकही नाही.' तेव्हा मात्र वहिनी रडल्या, आणि मी चष्मा पुसायला बाहेर गेलो.

तिसऱ्या दिवशी गौरी उठल्या. आईंनी मुखवटे पुसले, फडक्यात गुंडाळले आणि वहिनींच्या कपाटात ठेवून किल्ली त्यांच्या हातात दिली. पिशवी रिकामी घेऊन मिरजेला जायचं ठरलं. इकडे दीनानाथ मात्र रॉकेल, थिनर, लिंबू सगळं घासून हरला होता. शेवटी आमच्यासमोरच त्याने फोन लावला. 'मिस्टर ओंग, माय मार्बल, ब्लॅक फुटप्रिंट्स. कॅन क्लीन?'

आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. 'कॅनॉट.'

'पुसायची कशाला?' आई आतून म्हणाल्या. 'पण अंगणातला तुझा तो लेप गेला बघ पावलापावलाला. ते काही नाही. आता दर वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी सारवून घ्यायचं. मी येतेच आहे बघायला.'

संपला प्रश्न! कोट मारायचा की नाही, आणि मारायचा तर केव्हा, ते असं आईंनी तांब्या घासता घासता ठरवलं. दीनानाथने हात टेकले. फोन अजून कानालाच होता. 'मिस्टर ओंग, नेक्स्ट इयर. एव्हरी इयर. वन डे बिफोर अवर फेस्टिव्हल. कॅन?'

'कॅन, कॅन!' मिस्टर ओंग खुशीत ओरडला. 'बट नेक्स्ट टाइम, प्लीज, नो वॉटर, आह!'

दीनानाथने एकदा फोनकडे बघितलं, एकदा आईंच्या हातातल्या लखलखीत तांब्याकडे बघितलं, आणि म्हणाला, 'ओके.'